राखेची घमेली

आमच्या शेडमागे दोन ढीग असायचे. एक फुटक्या बादल्या-चपलांचा, दुसरा किश्श्यांचा. पहिला आम्ही वितळवून संपवत होतो. दुसऱ्याला कुणी हात लावला नाही, म्हणून तो वाढतच गेला!

नामांतराची आंदोलनं चालू होती, त्या काळातली गोष्ट. परभणीत मी आणि दिगंबर, दोघेही बी.एस्सी., भागीदारीत जुन्या प्लास्टिकची घमेली काढायचो. मशीनवर गफूरचाचा. माल स्वस्त, पण उन्हात मऊ पडायचा. राणीसावरगावचा एक शेतकरी घमेलं डोक्यावर घेऊनच परत आला. कडा कानाखाली लोंबत होत्या.

"सायेब, म्या घमेलं मागितलं व्हतं, टोपी न्हाई!"

*

दिगंबरने परळीहून वीज केंद्राची राख आणली. पोत्यांनी. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये ती कालवली आणि साच्यात घातली.

आमच्याकडे चाचणीची एकच रीत होती. घमेलं पालथं घालायचं आणि गफूरचाचांनी वर उभं राहायचं. चाचा चांगले भरदार. त्या दिवशी ते चढले, चहा मागवला, वर उभ्यानेच सावकाश संपवला. घमेलं हललं नाही.

"क्या मियाँ, ये तो लोहा हो गया!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा उशिरा.

*

एक घमेलं मी घरी नेलं. माझ्या बायकोने, कुसुमने, ते गल्लीभर दाखवलं. "दिगंबरभावजींचं डोकं लय भारी!"

मी म्हटलं, "राखेत काय एवढं? आपल्या चुलीतबी हाय की."

"हाय ना," ती म्हणाली. "मग तुमाला कशी दिसली न्हाई?"

*

जिंतूरचा एक व्यापारी आला. "राखवाले दिगंबरशेठ कुठंयत?"

"बाहेर गेलेत. बसा ना, मी त्यांचा भागीदार."

त्याने मला नीट न्याहाळलं. "बरं, बरं. प्यायला पानी मिळंल का?"

*

मग दिगंबर लग्नाला पोखर्णीला गेला, आणि मी माझं घमेलं काढायला घेतलं.

दिगंबर राख आधी कढईत कोरडी भाजून घ्यायचा. ती मला त्याची नाटकं वाटायची. मी पोतं उघडलं आणि राख तशीच ओतली, त्याच्यापेक्षा दुप्पट. पोतं पावसात भिजलेलं होतं. वाफ धरली, आणि साच्यातून जे निघालं ते घमेलं कमी, अनारसा जास्त. जागोजागी जाळी!

चाचांनी सवयीने चप्पल काढली. घमेलं उजेडात धरून पाहिलं. चप्पल परत घातली.

"साब, घर में बच्चे हैं मेरे!"

दिगंबर परत आला. त्याने ते हातात घेऊन फिरवलं. "चांगलं झालंय की. गाळणी म्हनून खपंल."

घमेलं घेऊन मी घरी आलो. कुसुम म्हणाली, "ह्ये काय?"

"टाकून दे," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते घरात दिसलं नाही. दिगंबरचं मात्र रोज नळाखाली दिसायचं, धुण्याने भरलेलं.

*

बऱ्याच वर्षांनी कुसुम वारली, त्यानंतर थोड्या दिवसांनी मी चारठाण्याला तिच्या आईला भेटायला निघालो. दिगंबर म्हणाला, "येकटा नको जाऊ," आणि सोबत आला.

सासूबाईंनी अंगणात बाज टाकली. भिंतीशी मोगरा होता, चांगला फुललेला. दिगंबर सहज बघत होता, मग बघतच राहिला. मोगरा माझ्या घमेल्यात होता.

सासूबाई म्हणाल्या, "कुसुमनं आनून ठिवलं. म्हनली, आई, ह्ये ह्यांनी सोता केलंय. यात पानी साचत न्हाई, मूळ सडत न्हाई. दरसाल आली की आधी ह्याच्यापाशी बसायची."

दिगंबरने वाकून त्या जाळीवरून बोट फिरवलं.

परतताना एसटीत तो खिडकीशी बसला. जिंतूर गेलं, बोरी गेलं. परभणी जवळ आली तेव्हा बाहेरच बघत म्हणाला,

"वैनींनी माझं येकबी माहेरी नेलं न्हाई व्हय रे?"