कार्मेलिनाने चाटलेली भिंत

कार्मेलिनाबायला बांधकामातलं ओ की ठो कळत नाही, असं आमचा बिल्डर धनेश आजही वेंगुर्लेभर सांगत फिरतो. फिरू दे खुशाल! काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तीस वर्षं बांगडे खारवून तिने सावंतवाडीच्या बाजारात विकले. नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाच्या पडवीत एक खाट, एवढाच तिचा संसार. स्वतःच्या दाराला आतून कडी लावायची, ही एकच हौस. त्यासाठी तिने आमच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं. तिच्या डोक्यावरची जागा माझी. मी शाळेत शिकवते, म्हणून मला सगळं कळतं असा माझा समज.

ताबा मिळायच्या दिवशी मी मोबाईलवरची यादी घेऊन घरभर फिरले. लाद्या ठोकून पाहिल्या, नळ सोडले, दारं उघडून मिटून पाहिली. न्हाणीघरात गोटी सोडली, ती शहाण्यासारखी जाळीकडे गेली. सगळं झकास! ताबापत्रावर सही ठोकून पेढा खाल्ला आणि खाली आले.

तर कार्मेलिनाबाय स्वयंपाकाच्या ओट्याखाली वाकलेली. तिथे रंग लागला नव्हता. तिने गिलावा नखाने खरवडला आणि सरळ जिभेवर ठेवला. शेजारी धनेश पेढे घेऊन उभा.

"ह्यां खारां आसा," ती म्हणाली. "वाळू खाडयेची. धुवूक पण नाय तू."

धनेश हसला. "मावशी, भिंत चाटून कोण घर घेतं? इंजिनिअरचा दाखला आहे माझ्याकडे."

"दाखलो तू चाट! बांगड्याक मूठभर मीठ जास्त पडला तरी माका कळता."

खोटं कशाला बोलू, मला तिचीच लाज वाटली. ताबा घ्यायला आलेले बाकीचे लोक जमले होते, कुणी कुणी फोनही काढले. मी तिचा दंड धरला. "बाय, करून टाका सही. एवढी वर्षं थांबलात."

तिने हात झटकला. "पावसात ह्या भितीक लोणा येतलो, गिलावो गळान पडतलो. स्लॅब ह्याच वाळूचो असात तर आतली सळी गंजतली. मगे माका उचलूक तू येतलंस?"

धनेशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साहेबी मराठी गेली कुठच्या कुठे. "तुका काय कळता गो बांधकामातला? सही नको तर रव भावाच्या पडवेत! ही जागा घेऊक गोव्याचो माणूस टपान बसलोहा."

पडवी म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. तिला दुसरी जागाच नव्हती, आणि हे धनेशला पक्कं ठाऊक होतं. मेल्याला वाटलं, जिंकलो. जवळ येऊन हळूच म्हणतो, "तुझ्या खोलयेचो गिलावो नवो करून देतंय. फक्त गप रव."

ती भर बाजारात ओरडावं तशी ओरडली. "आणि वरच्या मास्तरणीच्या घराचा काय? ता माझ्या डोक्यारच आसा मा? सगळ्यांची वाळू तपासून घे, मगे सही. पडवेत मरान, पण आज सही नाय!"

माझ्या कानाखाली कुणी आवाज काढावा तसं झालं. जी सही मी पेढा चघळत ठोकली, ती ही बाई आपलं घर पणाला लावून नाकारत होती, आणि तेही माझ्यासाठी. मी वर धावले, ओट्याखाली वाकले, खरवडलं, चाटलं. वरून कीर्तन, आतून तमाशा! खारट ढाण. तशीच थुंकत खाली आले, धनेशच्या फाइलमधून माझं ताबापत्र ओढलं आणि त्याच्यासमोर टराटरा फाडलं.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या ना?" तो किंचाळला.

"हो. आत्ताच शिकले."

तोवर बाकीची मंडळी गुपचूप आपापल्या घरात शिरली होती. एकेक जण तोंड वाकडं करून बाहेर येत होता आणि कार्मेलिनाबायच्या मागे येऊन उभा राहत होता.