रिकामा पेनड्राइव्ह

त्या उन्हाळ्यात मी आमचा घरचा कॉम्प्युटर इतक्यांदा साफ केला, की तेवढ्यांदा फरशी पुसली असती तर सासूबाई गावाहून येऊन कौतुक करून गेल्या असत्या. फरशी पुसायला पाणी नव्हतं, हा भाग वेगळा.

आम्ही तेव्हा नुकतेच बीड बायपासच्या पलीकडे राहायला गेलो होतो. शहर तिकडे दिसेल त्या रानात घुसत होतं. काल ज्वारीचं धसकट दिसलेल्या जागी आज चुन्याच्या रेघा मारलेल्या असायच्या. आम्ही घेतलं ते रो-हाऊस छान होतं, फक्त पाणी नव्हतं. नळ अजून तिथवर आला नव्हता आणि बिल्डरनं मारून दिलेली बोअर पहिल्याच वर्षी धूळ ओकायला लागली. पावसानं सलग दोन वर्षं दडी मारलेली. ज्यांच्या अंगणात जमिनीखाली हौद होता ते टँकर मागवायचे. आमच्याकडे हौद नव्हता, आणि दोन निळ्या ड्रमांसाठी टँकरवाला काही आमच्या गल्लीत गाडी घालत नसे.

नवरा शेंद्र्याला कंपनीत. पाळी कुठलीही असो, पाण्याच्या वेळी तो नेमका घरी नसायचा. मी लग्नाआधी शहरात नोकरी करत होते. बायपासच्या पलीकडे आल्यावर जाण्यायेण्यातच जीव जायला लागला, म्हणून ती सोडली आणि घरीच मराठी टायपिंगचं काम सुरू केलं. औरंगपुऱ्यातल्या एका प्रेसची कामं मिळायची. कुणाचा प्रबंध, कुणाचं गाइड, कधी एखादं आत्मचरित्र. डोंगलचं इंटरनेट रखडत चालायचं, त्यामुळे फाइल पेनड्राइव्हवर घालून मी रिक्षानं प्रेसवर नेऊन द्यायची. महिन्यातून दोनतीनदा औरंगपुऱ्याच्या गर्दीत धक्के खायला मिळायचे आणि ते धक्केसुद्धा मला आवडायचे. ते काम गेलं असतं तर मी, दोन ड्रम आणि चार भिंती, एवढंच उरलं असतं.

पाणी द्यायच्या काकू. त्यांचं घर आमच्या पाठीला पाठ लावून होतं, दार मागच्या गल्लीत. करमाडकडची त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, त्यातून त्यांनी हे मोठं घर बांधलं होतं. मुलगा पुण्याला. काकांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, बोलणंही गेलेलं. काकूंच्या बोअरला मात्र पाणी होतं. त्यांची मोटर घरघरली की मागच्या भिंतीवरून पाइप यायचा आणि पाठोपाठ हाक, "पोरी, धर गं!" ही हाक कधी येईल याचा नेम नसे. हातातलं टायपिंग टाकून धावायचं. म्हणून प्रेसच्या फेऱ्या सोडल्या तर मी घर सोडून कुठे जात नसे. शेजारच्या दुकानात जायचं तरी कान मागच्या भिंतीकडे.

काकू बदल्यात काही मागत नसत. एकच काम असायचं. काकांच्या उशाशी पेनड्राइव्ह लावून वाजणारा एक छोटा स्पीकर होता. काका गावी असताना भजनात गायचे. आता त्यांना गवळण किंवा कीर्तन ऐकू आलं, की चालता हात खाटेवर ताल धरायचा आणि घर शांत राहायचं. तीच तीच गाणी झाली की ते चिडून हातातलं भांडं भिरकावून द्यायचे. मग काकू पेनड्राइव्ह घेऊन यायच्या, नवी गाणी भरून दे म्हणून. दुकानात असली जुनी गाणी मिळत नसत; मी ती रात्रभर डोंगल लावून उतरवून ठेवायची.

पण तो रिकामा आणायचा नाही! आपल्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत, तीच रीत काकूंनी पेनड्राइव्हला लावली. यायच्या आधी त्या बायपासवरच्या मोबाइलच्या दुकानात जायच्या आणि माझ्यासाठी काहीतरी भरून घ्यायच्या. कधी आरत्या, कधी देवांचे फोटो, एकदा तर कुणाच्या तरी लग्नाचा अख्खा व्हिडिओ. "रिकामं कसं आनावं बाई?" असं म्हणत माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसायच्या. "उघड की. बघ तरी काय आनलंय तुझ्यासाठी." दिलेली वस्तू देणाऱ्यासमोर उघडून, बघून, कौतुक करायचं असतं. मी उघडायची, कौतुक करायची आणि कीड आत घ्यायची.

कारण ते दुकान म्हणजे किडीचं कोठार होतं. गावभरचे पेनड्राइव्ह तिथे एकाच मशीनला लागायचे. काकू गेल्या की दुसऱ्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवरचे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे, कोपऱ्यात बाण असलेले खोटे फोल्डर. खोट्यावर बोट ठेवलं की रोग आणखी पसरायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा एका प्रबंधाची सगळी प्रकरणं गेली असंच वाटलं होतं. मग नेटवर वाचून वाचून शिकले. फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. डोंगल काढायचं, चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये भलत्याच नावाचा जो दिसेल तो बंद करायचा, त्याची मूळ फाइल शोधून उडवायची, कमांडच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून लपलेल्या फायली बाहेर काढायच्या आणि मग अँटिव्हायरसला सगळा कॉम्प्युटर तपासायला लावायचा. या तपासणीला अख्खी दुपार लागायची. मध्येच वीज गेली की यूपीएस केकाटायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आलीच तर इकडे स्क्रीनवर लाल खिडक्या आणि तिकडे ड्रम भरून वाहतोय, अशी माझी तारांबळ. कुणाला ओरडावं हेही कळायचं नाही.

कीड कुठून येते हे लक्षात आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग नाही म्हण ना काकूंना."

"आणि पाणी कोण आणणार? तू?"

त्यानं चहाचा कप उचलून तोंडाला लावला. मीच विषय बदलला. "काकूंच्या पाण्याला हल्ली चव आलीय, लक्षात आलं का? पातेल्यावर ते पांढरं साचायचं, तेही बंद झालं."

"बोअरचं पाणी मुरल्यावर गोड होत असेल," तो म्हणाला. इंजिनीअर माणूस.

खरं तर पाण्यापेक्षा मोठी अडचण दुसरीच होती, ती मी त्यालाही सांगितली नाही. आमचं माहेरचं घराणं भिक्षुकीचं. पणजोबा पूजा सांगायचे, आजोबा कचेरीत कारकून झाले, तरी आजीचं सोवळं शेवटपर्यंत सुटलं नाही. शेतावरून कुणी आलं तर त्याला पाणी वेगळ्या तांब्यातून, तेही वरून. मी ते लहानपणी पाहिलंय आणि मला त्याची चीड आहे. आता त्याच घरातल्या मुलीनं, काकूंसारख्या शेतकरी घरातल्या बाईला, तुम्ही आणलेलं मी आत घेणार नाही, त्यानं आमच्याकडे रोग शिरतो, असं सांगायचं? कुठल्याही शब्दांत सांगितलं तरी ते आजीचंच वाक्य होणार होतं. म्हणून मी गप्प राहून साफ करत राहिले आणि आतल्या आत धुमसत राहिले.

मग प्रेसच्या मालकांचा फोन आला. "ताई, तुमच्या पेनड्राइव्हनं आमचं मशीन बसलं. परत एकदा बसलं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." आवाज चढवला नाही, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. हातात एका निवृत्त प्राध्यापकांचं जाडजूड पुस्तक होतं आणि ते त्याच आठवड्यात द्यायचं होतं. मी सगळं पुसून कॉम्प्युटर नव्यानं उभा केला, प्रत्येक फाइल तपासून परत घेतली. आणि दुसऱ्याच दिवशी काकू दारात उभ्या. "आज लई भारी आनलंय. उघड."

मी पेनड्राइव्ह हातात घेतला आणि लावला नाही.

"काकू, त्या दुकानातून यात व्हायरस येतो. माझं काम जाईल हो. गाणी मी भरून देते, कितीही देते. पण तुम्ही रिकामा आणत जा. तुमचं काही मला... नको."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यांनी पदर नीट केला. "आमचं चालत नाय व्हय तुमाला?"

इतके दिवस मी 'तू' होते, ती एका दमात 'तुम्ही' झाले. मी तसं नाही, तसं नाही, म्हणत त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले. पेनड्राइव्ह माझ्या हातातून घेऊन त्या निघून गेल्या.

त्यानंतर पाइप आला नाही. मी मोटरच्या आवाजासाठी कान देऊन बसायची. मोटर मुळी लागतच नव्हती. काकांचा स्पीकरही गप्प. मागून फक्त मधूनच एखादं भांडं आपटल्याचा आवाज यायचा. नवरा मोटारसायकलवर कॅन बांधून मित्राकडून पाणी आणायचा, त्यात स्वयंपाक आणि पिणं कसंबसं निभायचं. मी डोळ्यांत तेल घालून पुस्तक पुरं केलं. औरंगपुऱ्यात जाऊन फाइल दिली. मालकांनी ती माझ्यासमोर तपासून घेतली, काहीही निघालं नाही, पुढचं काम हातात दिलं. मला हायसं वाटायला हवं होतं. येताना रिक्षात मी मनातल्या मनात काकूंशी भांडत होते. एवढ्याशा बोलण्यावर माणसाचं पाणी तोडतात का? देतात तेव्हा देतात, आणि मनात आलं की मान पकडतात! असलं बरंच काही. मला त्यांचा मनापासून राग आला होता.

घरी आले तर काकू पायरीवर बसलेल्या. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. मी कुलूप काढलं, त्या मागोमाग आत आल्या आणि पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"रिकामा आनलाय. तू म्हनली तसा."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी अर्धं पिऊन फुलपात्र जपून खाली ठेवलं.

"चार गवळनी घाल बाई. मानूस ऐकंना झालंय. भांडी सगळी चेपली."

"काकू, तुम्ही रागावलात ना? म्हणून पाणी..."

"राग?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आला हुता त्या दिवशी. पन रागानं कुनाचं पानी तोडत असत्यात व्हय? टँकरच आला नाय. तिकडं विहिरीच आटल्यात म्हनं."

"टँकर? तुमची तर बोअर आहे."

"बोअर पौषातच गेली की."

पौषात. म्हणजे पातेल्यावरचं पांढरं बंद झालं तेव्हापासून. मागच्या गल्लीत टँकर यायचा, त्यांच्या हौदात रिकामा व्हायचा आणि विकतचं पाणी भिंतीवरून माझ्या ड्रमात यायचं. एवढे महिने.

"मग सांगितलं का नाही?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "पानी थांबलं तर तू गानी घालायची न्हाईस, असं वाटलं. तू शिकलेली, कामाची. तुला आमच्यासाठी कुठला येळ? म्हनून तर येताना काय ना काय घेऊन यायचे."

मी पाणी जाईल म्हणून त्यांची कीड आत घेत होते आणि त्या, गाणी जातील म्हणून, मला विकतचं पाणी पाजत होत्या. मला त्यांच्यासमोरच रडू आलं. त्यांना ते का, हे बहुतेक कळलं नाही. त्या म्हणाल्या, "उघड आता. उशीर नको करूस."

मी पेनड्राइव्ह लावला. अँटिव्हायरसनं तपासून काही नाही म्हणून सांगितलं. पांढरी, कोरी खिडकी उघडली. आरत्या नाहीत, फोटो नाहीत, कुणाचं लग्न नाही. याच खिडकीसाठी मी महिनोन्‌महिने जीव काढला होता आणि आता ती बघवत नव्हती. मी मावतील तेवढ्या गवळणी घातल्या, वर कीर्तनं घातली.

जाताना काकू फाटकाशी थांबल्या. पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरलेला. "उद्या टँकर येतो म्हनलाय," त्या म्हणाल्या. "आला की पाइप टाकते. ड्रम रिते ठेव."

नको, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विकतचं पाणी कुणी कुणाला रोज देतं का? पण नको म्हटलं असतं तर त्यांनी मला पुन्हा तेच विचारलं असतं, आमचं चालत नाही का म्हणून. आणि या वेळी माझ्याजवळ सांगायला व्हायरसही नव्हता.

"टाका काकू," मी म्हणाले.