पडद्यापलीकडचा भरमू

निर्मळनाथ महाराज येणार म्हणून बोरगाव सडा घालत होतं, तेव्हा राजाबाई चुलीपुढं भाकरी नुसती आदळत होती. महाराज म्हणजे तिचा नवरा, भरमू. मालू पोटात असताना तो देव शोधायला म्हणून गेला. आता मालू न्हातीधुती झाली, तरी देव सापडल्याचं घरी कुणी कळवलं नव्हतं.

लोकांच्या रानात तंबाखू खुडून राजाबाईनं पोरगी वाढवली, डोळे अधू झालेली सासू सांभाळली. ती सासू, नागुबाई, सुरुवातीला तिलाच बोल लावायची, ‘तुला नवरा धरून ठेवाय आला न्हाय.’ गाव म्हणायचं, ‘लई पुण्यवान बाई, नवरा साधू झाला.’ पुण्यवान बाईला हळदीकुंकवाला मात्र कुणी बोलवत नसे.

महाराज देवळात उतरले. देवळाच्या दारावर पडदा बांधला, कारण ते बायकांचं तोंड बघत नसत. बाई म्हणजे पायातली बेडी, असं ते सांगत आणि पडद्याबाहेर बायका माना डोलावत. त्याच बायका पहाटेपासून त्यांच्यासाठी पुरणपोळ्या लाटत होत्या. पोळ्यांना विटाळ नव्हता.

राजाबाई जाणारच नव्हती. पण नागुबाईनं हट्ट धरला, ‘डोळं पार जायच्या आत एकदा बघू दे गं त्याला.’

देवळाच्या दारात जोतिबा पाटील आडवा आला. ‘नागुआक्का, हितनंच पाया पड. महाराज बायकांचं तोंड बघत न्हाईत.’

‘अरं, मी आई न्हवं का त्याची?’

‘साधूला कसली आई?’

नागुबाई मुकाट्यानं उन्हात खाली बसली आणि पडद्यापुढं पदर पसरला. राजाबाईच्या टाळक्यात आग गेली. स्वतःचं सगळं तिनं गिळलं होतं, हे गिळवेना. तिनं पाटलाला बाजूला सारलं, पडदा ओढून काढला आणि ओरडली, ‘भरम्या!’

नवऱ्याचं नाव उखाण्यातसुद्धा लाजत घ्यायचं, ते तिनं गुराला हाकारावं तसं घेतलं होतं.

‘ही तुझी आई! हिच्या पोटातनं आलास तवा हिचं तोंड बघितलंस न्हवं?’

नागुबाई चाचपडत पुढं गेली, लेकाच्या गालावरनं हात फिरवला. ‘बरा हाईस न्हवं रं?’

महाराज झटकन मागं सरले आणि शिष्याला म्हणाले, ‘अंघोळीला पाणी काढा.’

गावकी बसली. राजाबाईनं महाराजांच्या पायाचं तीर्थ पिऊन माफी मागावी, नाहीतर तिला कुणी रानात घ्यायचं नाही, असं ठरलं.

‘ते पाणी पाटलाला पाजा,’ राजाबाई म्हणाली.

तिनं बोचकं बांधलं. पाटील नागुबाईला म्हणाला, ‘तू ऱ्हा. महाराजांची माता म्हणून गाव तुला संभाळंल.’ नागुबाईनं सुनेचा दंड धरला. ‘चल गं.’

निपाणीत राजाबाई वखारीत तंबाखू निवडू लागली. तिथंच मालूचं लग्न झालं, तिथंच नागुबाई गेली. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी महाराज वारले आणि बोरगावची माणसं वखारीच्या दारात आली. ‘बांगड्या फोडायला चला. महाराजांचं सारं रीतीनं व्हायला पायजे.’

‘जित्तेपणी त्याला बायको न्हवती,’ तिचा आवाज सगळ्या वखारीला ऐकू गेला, ‘मग आता त्याची रांड कुठली शोधत आलाय?’

ती आत गेली. तंबाखूची भरलेली पाटी संतापानं उचलायला गेली, पण ती तिला एकटीला उचलेना. शेजारी तंबाखू निवडणाऱ्या बाईनं हात लावला.