झंपर न्यायच्या दिवशीचं पळसाचं शरबत

पंधरा-सोळाव्या वर्षी माझी पक्की समजूत होती, की औंढ्यापासून जवळा बाजारपर्यंत आपल्याएवढी डोकेबाज पोरगी दुसरी नाही. मॅट्रिकचे पेपर देऊन झाले होते, निकाल लागायचा होता, त्यामुळं ही समजूत खोटी पाडायला कुणाजवळ पुरावाही नव्हता.

त्या उन्हाळ्यात माझ्या जिवाला एकच घोर होता. माझी मैत्रीण लग्न होऊन गाव सोडून जाणार होती, आणि आमच्या घरचं पाणी ती अजून एकदाही प्याली नव्हती.

आमचं घर बौद्धवाड्यात, तिचं वर गावात, मोठ्या शेतकऱ्याचं. शाळेत एका बाकावर बसून आम्ही मोठ्या झालो. माझ्या दातांनी तोडलेली चिंच तिला चालायची, मिटक्या मारत खायची. माझी माय शिलाई मशीन चालवायची. गावातल्या बायका तिला मापं देऊन जायच्या, तिनं शिवलेली झंपरं अंगात घालायच्या. त्यात कुणाचं काही अडायचं नाही. पण आमच्या माठाची गोष्ट निघाली, की मैत्रीण दर वेळी नुकतंच कुठूनतरी पाणी पिऊन आलेली असायची. "आत्ताच पेले गं," म्हणायची. एवढं पाणी पिणारी पोरगी मी जन्मात दुसरी पाहिली नाही.

मी तिला कधी टोकलं नाही. ती काय म्हणेल ते ऐकायची माझी छाती नव्हती. बाकी तोंड दिवसभर चालायचं.

लग्न ठरलेल्या पोरीला घरोघरी केळवणाला बोलावतात, गोडधोड खाऊ घालतात. हिला रोज कुठं ना कुठं जेवण होतं. मलाही तिचं केळवण करायचं होतं. जेवणाचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. मग एका दुपारी माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली: पाणी द्यायचंच नाही, शरबत द्यायचं. शरबत म्हणजे काही पाणी नव्हे. त्यातून पळसाच्या फुलांचं दिलं तर ते औषधच, उन्हाळी लागून लघवीला जळजळलं की अख्खं गाव पितं. औषधाला कोण नको म्हणणार? मला माझ्याच अकलेचं इतकं कौतुक वाटलं, की त्या दुपारी पाठ जमिनीला टेकेना.

शिमग्याला आणलेली फुलं वाळवून फडक्यात बांधून ठेवली होती. त्यांचे काळे देठ खुडले, फुलं भिजत घातली, दुसऱ्या दिवशी उकळून गाळली. रेशनची साखर घालून पाक केला. साखरेचा डबा वाजला तशी माय ओरडली, "ती सणाला ठेवलीया!"

"सणच हाय, माय!"

पण पाक झाला मातकट पिवळा. बाजारात बाटलीतलं शरबत कसं भडक असतं! हे असलं तिच्यापुढं ठेवायचं? मग आठवलं, धुळवडीचा रंग करताना आम्ही फुलांच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकायचो, की रंग भडकून केशरी व्हायचा. मायच्या पानाच्या डबीतला चुना घेतला. चिमूट चिमूट म्हणता बोटभर गेला. रंग असा उठला, की मी पातेल्याभोवती नाचले. चाखलं तर जीभ चरचरली. म्हटलं, डोळ्यांना पटल्यावर जिभेचं कोण ऐकतं?

हळद दोन दिवसांवर आली आणि ती शेवटचं झंपर न्यायला येणार होती. त्यानंतर ती काही आमच्याकडं येणार नव्हती. सकाळपासून मी दारात जाऊन येऊन थकले.

"काहून येरझाऱ्या घालून राहिलीस?" माय बटनं लावता लावता म्हणाली. "पायाला इंगळी डसली का?"

"गरम व्हायलंय."

"मंग एका जागी बस की."

बसले. उठले. गिलास पुसले. भिजवलेला सब्जा फुगायचा तेवढा फुगला होता, तरी पुन्हा ढवळला. तिला काय बोलायचं ते चुलीपाशी उभं राहून पाठ म्हटलं. पुन्हा दारात गेले. पुन्हा गिलास पुसले.

उन्हं कलली तशी ती आली, पण संगं तिची आत्या. माझ्या सगळ्या बेतात आत्या कुठंच नव्हती.

"झालं का गं झंपर?" आत्यानं बाहेरूनच मायला विचारलं.

"झालंच बाई, दोन बटनं राहिली. टेका जरा."

आत्या टेकली नाही. मैत्रीण मात्र सरळ आत येऊन मशीनशेजारी बसली. मी ताटात तीन गिलास घेऊन हजर.

"हे काय?" आत्या म्हणाली. "शिमगा सरला न्हाई का तुमचा?"

मी भाषण सुरू केलं. "आत्याबाई, हे पाणी न्हाई. पळसाचं औषध हाय. उन्हाळी लागत न्हाई. पाणी न्हाई हे, बरं का."

मायची मान खालीच राहिली. मैत्रीण पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागली. इतकी वर्षं आम्ही दोघींनी जे झाकून ठेवलं होतं, ते मीच ताटात घालून सगळ्यांपुढं मांडलं होतं. आणि मला वाटत होतं, काय ही माझी चतुराई!

शेवटची करामत राहिली होती. लिंबू कापलं, तिच्या गिलासात पिळलं, चमच्यानं फिरवलं. तसा माझा तो केशरी रंग डोळ्यांदेखत उतरला. चुन्यानं चढवलेला, लिंबानं उतरवला. उरलं ते फिकट, गढूळ, पिवळं काहीतरी, वर सब्जाचे काळे डोळे.

"अगं माय!" आत्या म्हणाली. "हे तर बैलाच्या मुतावानी दिसायलंय!"

मैत्रिणीनं गिलास नाकाशी नेला आणि तिला हसू आवरेना. "हे पिऊन बोहल्यावर कशी चढू मी? मरू दे तुझं औषध. माठातलं पाणी दे मला."

"घरी जाऊन पी," आत्या पटकन बोलली. "दोन पावलांवर तर हाय घर."

"तहान आत्ता लागली, आत्या."

मायचा हात थांबला. आणि मी? मी तिच्याशी वाद घालत होते! "अगं थांब, दुसरा देते, लिंबू न पिळता! ह्याचा रंग लई भारी व्हता!"

"पाणी दे म्हणते ना, येडे."

मी फुरंगटून माठाकडं गेले, गिलास बुडवला, तिच्या हातात आपटला. तिनं तो वर धरला नाही, ओठ लावून घटाघटा प्याली. "अजून दे," म्हणाली. दुसराही प्याली. आत्या तोंड फिरवून रस्त्याकडं बघत उभी होती, पदर उगाच सारखा करत.

झंपर घेऊन निघताना आत्या तिला हळूच म्हणाली, "घरी काही बोलू नको."

"बोलायचं काय त्यात? तहान लागली, पाणी पेले."

त्या वळणापलीकडं गेल्या. मी तीन गिलासांपुढं गाल फुगवून बसले.

"बघितलंस का?" माय म्हणाली.

"काय बघू? एक घोट बी घेतला न्हाई. दोन दिवस मरमर केली म्या."

मायनं रिकामा गिलास उचलून माझ्या नाकापुढं धरला. "गधडे, पाणी पेली ती. आपल्या माठातलं."

"पेली तर पेली," मी म्हणाले. "पाणी कुणीबी पितं."

माय हसायला लागली ती थांबेचना. मला वाटलं, हीसुद्धा माझ्या शरबतालाच हसतेय. रागानं ताट उचललं आणि तिन्ही गिलास मोरीत ओतून दिले.