नवा फ्रॉक

कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर बसल्या बसल्या माझा हात सारखा लेकीच्या फ्रॉकच्या उसवलेल्या शिवणीवर जात होता. थकलेल्या पोटगीची तारीख होती. “साधे कपडे घाला, नाहीतर जजसाहेबांना वाटेल तुमचं बरं चाललंय,” असं वकीलबाईंनी बजावलं होतं. लेकीने सकाळी विचारलं होतं, “बाबा येणार ना, मग नवा फ्रॉक का नको?” पोटाला चिमटा काढून तिला काही कमी पडू दिलं नाही, आणि इथे नेमकं तेच लपवायचं. जिन्यावर पावलं वाजली की आम्ही दोघी दाराकडे बघायचो. शिपायाने त्याच्या नावाचा पुकारा केला. कोणीच आलं नाही.

लेक हळूच म्हणाली, “बरं झालं. पुढच्या वेळी नवा घालते.”