दत्ताच्या नावाच्या टेस्ट

चार माणसं आणि दोन कॉम्प्युटर एका खोलीत ठेवा, प्रोग्रॅम कमी आणि किस्सेच जास्त तयार होतात! नगरला कापडबाजारात, पारसच्या काकांच्या दुकानावरच्या खोलीत आमचं नव्वदच्या दशकाच्या शेवटी हेच झालं.

परदेशातल्या काही हौशी लोकांनी तारखांचा हिशेब करणारी एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना जोडता येणारा तयार प्रोग्रॅमचा संच, लिहिली होती. कुणीही वापरा, कुणीही भर घाला, सगळं फुकट. आम्ही तिच्यात मराठी महिने आणि तिथी घालत होतो. आमच्या म्होरक्या गायकवाड मॅडम, संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास घेऊन इकडे यायच्या. बाकी पारस, मी आणि खर्डा गावचा दत्ता.

दत्ताला वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, बजावलं होतं, "दिवाळीपतूर काय तरी करून दाखव. न्हाईतर घरी ये, टेम्पो चालव." दत्ताला टेम्पोवर बसायचं नव्हतं. आम्हालाही त्याला सोडायचं नव्हतं, कारण चहा तो फक्कड करायचा.

*

मॅडमचा नियम होता, प्रत्येक कामाला एक टेस्ट. म्हणजे एकच गोष्ट तपासून 'पास' किंवा 'नापास' सांगणारा छोटासा प्रोग्रॅम.

पारसनं पहिली टेस्ट लिहिली आणि ओरडला, "मॅडम, पहिल्या झटक्यात पास!"

मॅडमनी आत डोकावलं. आत एकच ओळ होती, पडद्यावर 'पास' छापणारी.

"अरे, ही तपासते काय?"

"तपासायचं कशाला मॅडम? पास झालीय ना!"

*

मी काही कमी नव्हतो. 'आजची तिथी' तपासणारी माझी टेस्ट संध्याकाळी झकास पास झाली. सकाळी नापास! मी तासभर प्रोग्रॅमला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, भिंतीवरच्या कॅलेंडरमधली कालची तिथी मी टेस्टमध्ये कायमची लिहून ठेवली होती.

"तुझी टेस्ट बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या, "फक्त वर्षभर थांबावं लागेल."

*

सुरुवातीला सगळ्या टेस्ट एकाच लांबलचक फाईलमध्ये होत्या. एक अडखळली की पुढच्या सगळ्या ठप्प! मॅडमनी त्या सुट्या करायला लावल्या. तर काय, अधिक महिन्याची टेस्ट एकटी चालेचना. दिवाळीची टेस्ट आधी चालली तरच ही पास व्हायची, कारण तिनं मागे ठेवलेली माहिती ही गुपचूप वापरायची.

मॅडम कडाडल्या, "प्रत्येकीनं आपापला डबा आणायचा. शेजारणीच्या डब्यावर जगायचं नाही!"

*

मग प्रश्न आला नावांचा. पारसच्या फाईलींची नावं अशी: 'नवीन', 'नवीन खरी', 'नवीन खरी शेवटची'. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि फर्मान काढलं, "ज्याची चूक पकडायला टेस्ट लिहिली, त्याचंच नाव टेस्टला!"

झालं! दत्तानं एका वर्षात दोन दिवाळ्या आणल्या, 'दत्ता एक' आली. त्यानं अमावास्या गिळली, 'दत्ता दोन'. बघता बघता निम्मी टेस्टमंडळी दत्ताचीच.

मॅडम मात्र सरळ बाई. त्यांच्या हातून गुढीपाडवा चुकला, तेव्हा त्यांनी स्वतःच 'गायकवाड' नावाची फाईल केली आणि वर सगळ्यांना भेळ खाऊ घातली. दत्ताचा चेहरा तरी उतरलेलाच.

"मॅडम, माझं नाव काढा की. अण्णांनी हे बघितलं तर दुसऱ्या दिवशी मी टेम्पोवर!"

"नियम म्हणजे नियम," मॅडम म्हणाल्या. मला त्याची फार दया आली.

*

दिवाळीच्या तोंडावर परदेशातून मेल आला. आमचं काम त्यांनी लायब्ररीत घेतलं होतं! शिवाय लिहिलं होतं, टेस्टची मांडणी उत्तम आहे, आणि सर्वांत जास्त टेस्टवर ज्यांचं नाव आहे त्या दत्ता यांचे विशेष आभार. आम्ही हसून हसून लोळलो. पारसनं मेल छापून भिंतीवर चिकटवला.

आणि नेमके दुसऱ्या दिवशी अण्णा हजर! मुलाला घेऊन जायलाच आले होते. पारसनं घाईघाईनं त्यांना मेल मराठीत वाचून दाखवला. अण्णांची छाती फुगली.

"फारेनवाल्यांनी आमच्या दत्ताचं नाव घेतलं? सगळ्यात जास्ती ह्याचंच?"

"व्हय," दत्ता म्हणाला. पण या पठ्ठ्याला गप्प बसवेना. "अण्णा, खोटं कशाला बोलू? आमच्यात ज्याची चूक, त्याचं नाव देत्यात. त्या समद्या माझ्या चुका हायत."

मॅडम काहीतरी बोलायला पुढे झाल्या, तर अण्णांनी हातानंच थांबवलं. त्यांनी भिंतीवरचा कागद खालपासून वरपर्यंत पाहिला, मग पोराकडे पाहिलं.

"आन् ह्या चुकांबद्दल ते आभार मानत्यात?"

"व्हय."

अण्णांनी पिशवी उचलली, पायात चपला सरकवल्या.

"मंग टेम्पोचं ऱ्हाऊ दे. तू हितंच ऱ्हा. मी वळखतो तुला, अजून लई चुका शिल्लक असत्याल!"