मागे बसलेल्या खुर्च्या

“आधी माहं वजन घेऊ द्या तिले, मंग लोकाइचं,” असं म्हणत काका चपला काढायचे, काठावर जोडीने ठेवायचे आणि मागून सरकत येणाऱ्या खुर्चीत अलगद बसायचे. एक पूर्ण फेरी. परत आले की चपला घालायचे आणि मगच गेट उघडायचे. रोज सकाळी, रोज वेगळी खुर्ची.

भिलाईत डोंगर नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी आमच्या बागेत रोपवे होता. तळ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत लोखंडी दोर आणि त्याला लटकलेल्या, दोन-दोन माणसांच्या उघड्या खुर्च्या. रविवारी रिसालीपासून सिविक सेंटरपर्यंतची कुटुंबं रांग लावायची. छत्तीसगड नवंनवं होतं तेव्हा मी तिथे सुपरवायझर म्हणून लागलो. काका ऑपरेटर. मूळचे भंडाऱ्याकडचे, राहायला चरोद्याला, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. तरी मला ते साहेब म्हणायचे. मीही म्हणू द्यायचो.

प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर काकांनी स्वतः रंगवलेला नंबर होता. खुर्ची खराब झाली की ती उतरवून ते पंपघरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचे. नवी आली तर तिला पुढचा नंबर, जुना कधीच नाही. त्यामुळे दोरावर एक, दोन आणि त्यानंतर एकदम चार यायची.

“तीन नंबर कुठे गेली?” असं पोरं विचारायची.

“ते रिटायर झाली. मागं बसली आहे.”

“मग तिचा नंबर दुसरीला द्या ना!”

“कावून? तू शाळा सोडशीन तं तुह्यं नाव दुसऱ्याले देतीन का?”

शेडमध्ये गेलो की प्रत्येकीची हकीकत ऐकावी लागायची. तीनचा दांडा वादळात फांदी पडून वाकला होता. सातवर एक नवं जोडपं बसलं होतं, लागोपाठ पाच फेऱ्या, दोघंही एकमेकांशी एक शब्द न बोलता. अकराची बैठक गंजली होती. तिच्यावर एक म्हातारी डोळे मिटून बसली आणि उतरल्यावर म्हणाली, “झालं का पाहून?” हे सांगताना काका दर वेळी नव्याने हसायचे. आम्ही बाकीचे त्यांच्या पाठीमागे त्यांनाच हसायचो. “काका, तुम्ही गेल्यावर तुम्हालाही इथेच बसवू, पाठीवर नंबर टाकून,” असं मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो. ते म्हणाले, “बसवा न. जागा आहे.”

आता ते मे महिन्यातलं. गेली कित्येक वर्षं मी हे कोणालाच सांगितलेलं नाही.

सुट्ट्यांचा रविवार होता, भर दुपार, रांग गेटबाहेर गेलेली. काकांनी मोटर थांबवली.

“साहेब, नऊ नंबरची पकड दोरावर सरकून राहिली. इले आता उतरवू.”

खुर्ची उतरवायची म्हणजे दोन तास रोपवे बंद. रांगेतले लोक ओरडायला लागले होते. आणि हा माणूस त्यांच्यासमोर मला काम शिकवत होता.

“तुम्हाला सगळ्याच रिटायर करायच्या आहेत, काका. बसून दाखवा. बघू सरकते का.”

त्यांनी चपला काढल्या, जोडीने ठेवल्या आणि नऊ नंबरमध्ये बसले. खुर्ची तळ्याच्या मध्यावर गेली आणि मी मोटर बंद केली.

बागेचा भोंगा माझ्या हातात होता. “काका, कशी आहे खुर्ची?”

“पकड सरकून राहिली, साहेब!”

“ऐकू नाही आलं!”

लोक हसले. लोकांना मजा वाटते आहे म्हटल्यावर मी पुन्हा विचारलं. थोड्या वेळाने काका एकेक पाय वर घ्यायला लागले, डावा, उजवा, पुन्हा डावा. “बुढा नाच रहा है,” असं कोणीतरी ओरडलं आणि रांग हसून हसून वाकली. मला ठाऊक होतं ते काय होतं. पाय ठेवायची दांडी लोखंडी होती, ऊन मे महिन्याचं होतं आणि चपला माझ्या पायाशी होत्या. पाऊण तास मी त्या चपलांकडे बघत उभा होतो.

शेवटी तळ्यावरून आवाज आला, “ठीक आहे, साहेब. खुर्ची ठीक आहे.”

खाली आल्यावर मी रजिस्टर पुढे केलं. नऊ नंबर, ठीक. त्यांनी सही केली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते नऊ नंबरवर कोणाला बसू देईनात. सीटवर तेल सांडलं आहे, असं सगळ्यांना सांगत राहिले.

सोमवारी सकाळी ते तळव्यांना फडकी बांधून आले आणि पहिल्या फेरीला नऊ नंबर घेतली. मी म्हणालो, “राहू द्या, काका. आज उतरवू तिला.” खूप हळू म्हणालो असेन. ते म्हणाले, “सही माही आहे न. आधी माहं वजन.”

पलीकडच्या काठाजवळ चढावर पकड सुटली. खुर्ची दोरावरून मागे घसरत येऊन दहा नंबरवर आदळली आणि काका काठाच्या सिमेंटवर पडले. कंबर मोडली. ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

चौकशी लागली. तिच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. काय मागायला गेलो होतो ते त्यांना माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, “माह्या खुर्च्याइचं काय होईन?”

“मी ठेवतो, काका. एकही हलणार नाही. नऊसुद्धा तिथेच ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी चौकशीवाल्यांना सांगितलं, “पाहण्यात चूक माहीच झाली.” माझी नोकरी राहिली. रोपवे बंद झाला.

वर्षभराने शेड रिकामी करायचा कागद आला आणि मी त्यावर सही केली. विसरलो होतो असं म्हणता आलं असतं. पण विसरलो नव्हतो. रोज पंपघराकडे जाताना नऊ नंबर दिसायची आणि ती मला दिसायला नको होती. भंगाराचा ट्रक आला तेव्हा मी स्वतः उभा राहून मोजून चढवल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी काकू आल्या, काकांची बायको. चरोद्याहून ऑटो बदलत आल्या होत्या. “ते बाजेवरून हलत नाही. मले म्हणे, एक डाव जाऊन खुर्च्या पाहून ये.”

मी त्यांना शेडमध्ये नेलं. दुसरं काय करणार होतो? आत फरशीवर गंजाचे चौकोनी डाग होते आणि भिंतीवर त्या-त्या जागी काकांच्या हातचे नंबर.

काकू दारातच उभ्या राहिल्या. “तुमी ठेवतो म्हणाले होते म्हणून ते चौकशीत काही बोलले नाही,” त्या म्हणाल्या. आवाज चढलाही नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“ते मले इचारतीन, कोणती कुठं बसली आहे. बरोबर सांगा. मले खोटं बोलाची सवय नाही.”

मी डागांवरून चालत एकेक जागा दाखवत गेलो. तीन कोपऱ्यात, दांडा वाकलेली. सात तिच्या बाजूला. अकरा खिडकीखाली, बैठक गंजलेली. काकू दारातूनच बोटांवर मोजत माझ्या पाठोपाठ म्हणत होत्या. तीन कोपऱ्यात. सात बाजूले. अकरा खिडकीखाली.

“अन् नऊ?”

“नऊ दाराशी,” मी म्हणालो. “तुम्ही उभ्या आहात तिथे.”

त्या एक पाऊल बाजूला सरल्या.